सटन हू: सोनं लंडनला, टेकाडं सफोकला

सटन हूला निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सटन हू म्हणजे पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातली जुनी दफनभूमी, आणि तिथल्या टेकाडांपाशी खरं सोनं बघायला मिळत नाही. 1939 साली पुरातत्त्व उत्खनक बेसिल ब्राउन यांनी इथलं एक नंबरचं टेकाड खणलं आणि 27 मीटर लांबीच्या जहाजाचा मातीत उमटलेला ठसा, त्यात सातव्या शतकाच्या सुरुवातीचं राजेशाही दफन सापडलं. जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रिटी यांनी सगळा ऐवज ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. जागेवर उरल्या त्या प्रतिकृती. म्हणून दोन दिवस धरा, आणि आधी लंडन करा. उलटं केलंत तर टेकाडं म्हणजे नुसते गवताचे उंचवटे वाटतात.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, रांग वाचते. चाकांची बॅग घेऊन थेट विमानतळावरून जाऊ नका, ती आत नेऊ देत नाहीत. सटन हूचा ऐवज दालन क्रमांक 41 मध्ये, वरच्या मजल्यावर आहे. निघायच्या दिवशी सकाळी म्युझियमच्या साइटवर ते दालन उघडं असल्याची खात्री करा, अधूनमधून दालनं बंद असतात. शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत म्युझियम चालू असतं, तेव्हा शाळांच्या सहली नसतात.

दालनात सगळे आधी हेल्मेटकडे धावतात. तुम्ही पट्ट्याच्या बक्कलपासून सुरुवात करा. लांबी 13.2 सेंटिमीटर, वजन 412.7 ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने पस्तीस तोळ्यांच्या वर. यात एकही खडा नाही. अंगभर एकमेकांत गुंतलेले साप आणि जनावरं कोरलेली आहेत. एक डोळा शोधा, तिथून जबडा, मग मान, असं बोटाने हवेत गिरवत गेलं की एकेक प्राणी सुटा होतो. एकूण तेरा आहेत. रेषांमध्ये भरलेलं काळं म्हणजे निएलो, धातू आणि गंधक यांचं काळं मिश्रण. बिदरीत काळ्यावर चांदी असते, इथे सोन्यात काळं. तीन गुळगुळीत घुमट दिसतात, त्यांच्यामागे सरकत्या खिट्या आहेत: बक्कल आतून पोकळ असून पाठ बिजागरीवर उघडते.

मग खांद्यांवरच्या चापांची जोडी. सगळ्यात जास्त वेळ हिला द्या. प्रत्येक चाप दोन तुकड्यांचा, मध्ये बिजागरी, आणि साखळीला बांधलेली सोन्याची खीळ घालून ते जोडायचे. टोकांना एकमेकांवर आडवी रानडुकरं आहेत; ती आधी दिसतच नाहीत, फुलीसारखा आकार शोधा. मधल्या भागात पायऱ्यापायऱ्यांची सोन्याची घरं, आणि त्या त्या घराच्या मापाने कापलेला पातळ लाल गार्नेट. कुंदनात खड्याखाली डांक घालतात तसा इथेही खाली सोन्याचा पत्रा आहे, फक्त तो सपाट नसून त्यावर बारीक चौकड्या उठवलेल्या आहेत. काचेसमोर सरळ उभं राहिलं तर खडे काळपट दिसतात आणि लोक पुढे निघून जातात. गुडघे जरा वाकवा, डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. चौकड्या प्रकाश परत फेकतात आणि खडा आतून पेटतो.

हा गार्नेट आपल्या गोमेदाचा भाऊबंद. त्या काळच्या ॲंग्लो-सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधल्या लोकांच्या, दागिन्यांतल्या खड्यांची तपासणी झाली तेव्हा त्यातले बरेचसे भारत आणि श्रीलंकेकडचे निघाले. पुढे तो पुरवठा आटला आणि बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) छोटे खडे वापरात आले.

हेल्मेटवर एकच गोष्ट बघा: भुवयांखालची गार्नेटची ओळ. घालणाऱ्याच्या उजव्या भुवईत खड्यांमागे सोन्याचा पत्रा आहे, डाव्या भुवईत नाही. शेकोटीच्या उजेडात एकच डोळा चमकावा म्हणून, असा एक तर्क आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या धर्मातला ओडिन देव एकाक्ष होता. शेजारची चकचकीत प्रतिकृती फोटोसाठी बरी.

फोटो काढताना फ्लॅश बंद. काळ्या पार्श्वभूमीवर फोन सोन्याला पांढरं करून टाकतो, म्हणून स्क्रीनवर बक्कलवर बोट ठेवून उजेड कमी करा. जवळून बघायला छोटी दुर्बीण न्याल तर आधी ती हातभर अंतरावर फोकस होते का हे घरीच तपासा, बहुतेक होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून इप्सविच, साधारण सव्वा तास. तिथे लोवेस्टॉफ्टकडे जाणारी छोटी गाडी पकडून मेल्टनला उतरा. तिकीट थेट मेल्टनचंच काढा, आणि सकाळची गर्दीची वेळ टाळा, स्वस्त पडतं. ही शाखा विरळ आहे, एक गाडी चुकली की साधारण तासाची खोटी. मेल्टनहून दोन किलोमीटर चालायचं: डेबेन नदीवरचा विल्फर्ड पूल ओलांडून चढ. रस्ता रहदारीचा आहे, बाबागाडी किंवा वयस्कर मंडळी असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा.

जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट लागतं. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी असतात आणि चारला अंधार पडतो. आधी प्रदर्शनाचं दालन, मग 17 मीटर उंच मनोरा. मनोऱ्यावरूनच टेकाडांची मांडणी कळते. टेकाडांवर चढायचं नसतं. दोन नंबरचं टेकाड मूळच्या अंदाजित उंचीइतकं पुन्हा रचलंय, बाकीची नांगरून बसकी झालेली. इथली रेताड माती आम्लयुक्त, तिने लाकूड खाल्लं, हाडंही खाल्ली; उरल्या त्या जहाजाच्या फळ्या जोडणाऱ्या लोखंडी रिवेटच्या (खिळ्यांच्या) रांगा. सोन्याला तिने काही केलं नाही.

परतताना मेल्टनऐवजी वुडब्रिजवरून गाडी धरा. तिथे नदीकाठी लाँगशेडमध्ये त्याच जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधायला घेतलीय. शेड कधी उघडी असते ते आधी बघून जा.