टायमर लॉग, जून ते जानेवारी: आईचं बटण, गिझरचा प्लग आणि अंजनेरीचा डोंगर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आता जानेवारी संपत आला तेव्हा बसलो. घरातले दिवे आणि दोन-चार वस्तू टायमरवर टाकायचा उद्योग मी जूनमध्ये सुरू केला, नाशिकच्या इंदिरानगरातला आमचा टू बीएचके, घरात मी, बायको, आई. सुरुवात साधी होती, तिन्हीसांजेला बाहेरच्या गॅलरीतला दिवा लागला पाहिजे हा आईचा आग्रह आणि आम्ही दोघंही तेव्हा ऑफिसातून परतीच्या ट्रॅफिकमध्ये द्वारका चौकात अडकलेलो. आईला गुडघ्यामुळे सारखं उठवत नाही. म्हटलं सॉकेटमध्ये लावायचा एक टायमर आणू, चारशे-साडेचारशेचं काम, झालं.

तर पहिला आणला तो गोल चकतीवाला मेकॅनिकल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, चकतीच्या कडेला ९६ छोटे दाते असतात, एक दाता म्हणजे १५ मिनिटं, चोवीस गुणिले चार. जेवढा वेळ चालू हवं तेवढे दाते खाली दाबायचे, चकती फक्त बाणाच्या दिशेने फिरवून आत्ताची वेळ खुणेसमोर आणायची, बस. आत एक इवलीशी सिंक्रोनस मोटर असते, ती आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनवर चालते, वेगळं घड्याळ वगैरे काही नाही. म्हणजे लाईट आहे तोवर वेळ बरोबर, लाईट गेली की घड्याळ जागच्या जागी थांबलं. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि जून महिन्यात नाशकात राहणं यात फरक आहे. वळवाचा पाऊस, वारा, एका सोमवारी ४० मिनिटं लाईट नाही, बुधवारी १ तास १० मिनिटं, म्हणजे गुरुवारी माझा दिवा १ तास ५० मिनिटं उशिरा. सव्वासातचा दिवा नऊ वाजून पाच मिनिटांनी.

पण हे काहीच नाही. खरा घोळ आईचा.

आपल्याकडच्या प्रत्येक सॉकेटला बटण असतं, आणि आमच्या आईच्या पिढीचा नियम आहे की झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद. टीव्हीचं, मिक्सरचं, चार्जरचं, आणि अर्थात माझ्या टायमरचं. रात्री साडेदहाला बंद, सकाळी सहाला उठली की चालू. म्हणजे रोज साडेसात तास घड्याळ मागे! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागलाच नाही, मी म्हटलं पीस खराब निघाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला लख्ख उन्हात गॅलरीतला दिवा सुरू. आईचा ऑफिसात फोन, "अरे तुझं ते यंत्र बिघडलंय, दिवसाढवळ्या दिवा लावतंय." मी कागद घेऊन बसलो, हिशोब मांडला, तर मिनिटासकट जमला. यंत्र बरोबर होतं, त्याच्या मते तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजले होते.

बटणावर सेलोटेप लावली, आईने ती साफसफाईत काढली. मग चिठ्ठी लावली, "हे बटण बंद करू नये, हुकमावरून", तर बायको म्हणे हुकूम कोणाचा. शेवटी टायमर शूरॅकच्या मागच्या सॉकेटला नेला जिथे कोणाचा हात जात नाही, आणि तिथून वायर ओढली. तुम्हाला सांगतो, टायमर निवडताना पिना किती, प्रोग्रॅम किती हे सगळं नंतर, आधी बघा की ते बटण कोणाच्या हाताखाली येतं.

जुलैत डिजिटल घेतला. यात आत बारीकशी रिचार्जेबल बॅटरी असते त्यामुळे लाईट गेली तरी वेळ आणि प्रोग्रॅम शाबूत राहतात, लाईट आली की त्या क्षणी जी स्थिती असायला हवी ती तो धरतो. बॉक्समधून काढला तेव्हा स्क्रीन कोरी होती, घाबरू नका, बॅटरी उतरलेली असते, काही तास सॉकेटला लावून ठेवायचा आणि मग ते बारीक भोक असतं त्यात टाचणी घालून रिसेट. माझ्या चुका दोन. पहिली, घड्याळ १२ तासांवर होतं आणि मी एएम-पीएम न बघता ७:१० टाकलं, दिवा सकाळी. लगेच २४ तासांवर केलं, तुम्ही आधीच करा. दुसरी जरा गमतीची. मधल्या बटणाने ऑन, ऑटो, ऑफ असं फिरतं. मी टेस्ट म्हणून ऑन केलं, दिवा लागला, खूश, मग एकदा दाबून ऑटोवर आणलं आणि निघून गेलो. दिवा चालूच. कारण ऑटो म्हणजे त्याच्या लेखी आत्ता जे आहे ते पुढचा प्रोग्रॅम येईपर्यंत तसंच ठेव. ऑनवरून ऑटोवर आलात तर चालूच राहतं, ऑफवरून आलात तर बंद. पूर्ण चक्कर मारून ऑफवरून ऑटोवर यायचं. सगळे डिजिटल टायमर असेच असतात असं नाही, पण माझ्याकडचे दोन्ही असेच आहेत.

ऑगस्टमध्ये मला वॅटमीटरचं वेड लागलं. सॉकेटमध्ये लावायचा मीटर आणला आणि घरभर फिरलो. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १० वॅट खातो, म्हणजे दिवसाला २४० वॅट-अवर, महिन्याला ७ युनिटच्या वर. तो रात्री साडेअकरा ते सकाळी सहा टायमरने पूर्ण बंद. मोबाईलचा चार्जर मात्र नुसता लावलेला असेल तर मीटरवर शून्यच दाखवतो, आणि टायमर स्वतः जवळपास १ वॅट खातो! म्हणजे चार्जरला टायमर लावणं हा चक्क तोट्याचा धंदा, मी दहा दिवस तोच करत होतो. राऊटरही रात्री बंद करून पाहिला, बायकोची एक मीटिंग अमेरिकेच्या वेळेनुसार असते हे विसरलो होतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता सूर्यास्त. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबण लावतो. नाशकात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना, म्हणजे सव्वा तासाच्या वर फरक. यात परत गंमत अशी की सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्याच्या साडेतीन-चार आठवडे आधीच होऊन गेलेला असतो, डिसेंबरात संध्याकाळ लांबायला लागलेली असते आणि सकाळ मात्र अजून उशिरा होत असते. आणि आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळ, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे. म्हणून नागपूरचा साडू फोनवर म्हणतो इकडे अंधार पडला, तेव्हा आमच्याकडे पोरं खाली क्रिकेट खेळत असतात.

दिवा सूर्याबरोबर चालवायचा तर टायमर सारखा बदलत राहावा लागतो. जून-जुलै काही करावं लागत नाही, वेळ जवळपास हलतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र महिन्याला पंचवीसेक मिनिटं घसरतो, दर दोन-अडीच आठवड्यांनी एक दाता अलीकडे. मी दर दुसऱ्या रविवारी चहा घेताना करायचो, गणपतीत विसरलो, तर आईने बरोबर पकडलं. ती घड्याळ बघत नाही, गॅलरीत बसून समोरच्या भिंतीवरचं ऊन कुठपर्यंत गेलं ते बघते, आणि म्हणते, "दिवेलागण होऊन गेली रे, तुझा दिवा कुठाय?"

दिवाळीत आकाशकंदील आणि माळा टायमरवर. हे काम टायमर फार झकास करतो, संध्याकाळी ६ ते रात्री ११ आणि पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळेला परत ४:३० ते ६:३०. पहाटे अंधारात उठलो आणि कंदील आधीच लागलेला होता, इतका आनंद मला बोनसचा पण झाला नाही. फक्त दोन गोष्टी. घरातले टायमर पावसाचे नसतात, बाहेर गॅलरीत लावू नका, आत लावून वायर बाहेर काढा, यंदा दिवाळीत पण सर आली होतीच. आणि एका टायमरवर एलईडीच्या दहा माळा जोडू नका. वॅट कमी दिसतात पण प्रत्येक अडॅप्टरमधला कपॅसिटर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, सगळे एकदम आले की आतल्या रिलेचे, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटतात. माझा एक असाच गेला. टकटक आवाज यायचा पण दिवा बंदच होईना.

डिसेंबरात गिझर. इथे मी मूर्खपणा केला तो मुद्दाम सविस्तर लिहितोय.

थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या की आमच्या टाकीतलं पाणी पण हात लावू देत नाही. गिझर २५ लिटरचा, २००० वॅट. हिशोब सोपा आहे, १ लिटर पाणी १ अंश तापवायला १ किलोकॅलरी आणि १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. १८ अंशाचं पाणी ५० वर न्यायचं तर २५ गुणिले ३२ म्हणजे ८००, म्हणजे ०.९३ युनिट, २ किलोवॅटला २८ मिनिटं. म्हणजे पहाटे सव्वापाचला चालू, पाच पन्नासला बंद, पुरे. आधी आमचा गिझर पाच ते नऊ चालूच असायचा. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो त्यामुळे चारही तास वीज खर्च होत नाही हे खरं, बचत लोक सांगतात तेवढी नसते. पण माझा जुना गिझर एक दिवस कोणी न वापरता नुसता चालू ठेवला तर मीटरवर १.१ युनिट आलं, ते सगळं नुसतं टाकी गरम ठेवण्यात गेलं.

टायमरवर १६ अँपियर लिहिलेलं होतं. २००० भागिले २३० म्हणजे ८.७, म्हटलं भरपूर आहे. पण टायमरच्या पिना परदेशी पद्धतीच्या गोल, आपल्या १६च्या सॉकेटमध्ये बसेनात, म्हणून मी एक सगळीकडे चालणारा स्वस्तातला कन्व्हर्टर मध्ये घातला. चौथ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या बाहेर जळका वास. कन्व्हर्टर हात लावू नये इतका गरम, पिनेच्या भोवती प्लास्टिक तपकिरी. खालच्या मजल्यावरचे काका अंबडला पॅनलच्या कारखान्यात वायरिंग करून रिटायर झालेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी मेन बंद केला, मग प्लग बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"टायमर सोळाचा आहे रे, पण हा मधला पाहुणा किती अँपियरचा आहे ते वाचलंस का?"

त्यावर बारीक अक्षरात ६ होतं.

काकांच्या सांगण्यावरून आता गिझरचं काम डीबीत, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीत गेलंय. रेलवर बसणारा डिजिटल टाईम स्विच, तो फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंट झेपणारा मोठा स्विच) कॉइल चालवतो आणि गिझरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जातो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि बिचाऱ्याला प्रत्येक स्क्रू परत आवळायला लावत होते. पंपाचं विचारणार असाल तर तो मी टायमरवर टाकलाच नाही. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, आणि खालच्या टाकीत पाणी आलंच नसेल तर टायमरला काय कळणार, तो आपला कोरडी मोटर फिरवत बसणार. दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत पंपाला ऑटो आहे, रात्री थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू, पण त्यात ड्राय रनचं प्रोटेक्शन आहे. तसं काही बसवेन तेव्हा लिहीन.

नाताळात पाच दिवस कोकणात गेलो तेव्हा डिजिटलचा रँडम मोड लावला, आतल्या खोलीतला दिवा संध्याकाळी आपल्या मनाने लागतो-विझतो, कोणी घरात आहे असं वाटावं म्हणून. दुसऱ्याच रात्री काकांचा फोन, "काय रे, आलात पण परत? दूध सांगू का उद्याचं?" म्हणजे चाललं.

आणि आत्ताचं ताजं. काकांनी त्यांच्याकडचा एक ॲस्ट्रो टायमर दिलाय, डीबीतच बसतो, त्यात अक्षांश-रेखांश टाकायचे की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो, दाते हलवायची कटकट संपली. २० उत्तर, ७३.८ पूर्व टाकलं, सहा वीसच्या आसपासची वेळ दाखवली, मोबाईलवर बघितलं तर बरोबर. आईला अभिमानाने सांगितलं की आता मिनिटाचा फरक पडणार नाही. दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणे उशिरा लागतोय.

मी वाद घालत गच्चीवर गेलो. आणि खरंच, सहा-सात मिनिटं आधीच सूर्य गायब. कारण जानेवारीत तो आमच्या गच्चीवरून बरोबर अंजनेरीच्या बाजूला उतरतो, आणि टायमरचं गणित सपाट क्षितिजाचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, अंजनेरी तेराशेच्या जवळ, वीसेक किलोमीटरवर उभा सातशे मीटरचा डोंगर त्याच्या हिशोबात नाहीच. जूनमध्ये सूर्य पार उत्तरेला सरकलेला असेल तेव्हा हा फरक बहुतेक नसेल, तेव्हा परत गच्चीवर जाऊन बघावं लागेल. टायमरच्या मेनूत ऑफसेट म्हणून एक सेटिंग आहे, त्यात सध्या उणे ८ टाकलंय, म्हणजे सूर्यास्ताच्या ८ मिनिटं आधी. आईला विचारलं आता बरोबर आहे का, तर म्हणे अजून दोन मिनिटं घे अलीकडे. उणे १० केलंय.