चक्री फिरते, पण पकडत नाही

आमच्या मागच्या बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या बसवल्या आणि तिथे माझं वर्कशॉप सुरू झालं. वर्कशॉप म्हणजे ड्रिल मशीन, एक छोटा रंधा, दोन पटाश्या आणि काटकोन तपासायचा बाबांचा जुना गुण्या. कामाला टेबल तेवढं नव्हतं. ओळखीच्या मिस्त्रींना सांगितलं असतं तर चार दिवसांत झालं असतं. पण मला ऑनलाइन एक दिसलं, खाली तीन ड्रॉवर, 'जोडणी ४५ मिनिटांत'. ती पंचेचाळीस मिनिटं मला तीन रविवार पुरली.

सुटे भाग मोजले, आकृती पाहिली, लाकडी खुंट्या बसवल्या. इथवर सगळं ठीक. अडलं ते मिनिफिक्सवर, म्हणजे दोन फळ्या जोडणाऱ्या बोल्ट-चक्रीवर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका फळीत बोल्ट पिळायचा. त्याचं बोंडासारखं डोकं दुसऱ्या फळीच्या कडेतल्या भोकातून आत जातं. त्या फळीच्या सपाट बाजूला १५ मिमीचं गोल भोक असतं, त्यात चक्री बसवायची आणि स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा द्यायचा. चक्री बोल्टचं डोकं पकडून ओढते आणि दोन्ही फळ्या घट्ट मिटतात. माझ्या टेबलाला अशा सोळा चक्र्या होत्या. सोळाही नुसत्या गरागरा फिरत होत्या, पकडत एकही नव्हती.

पहिला रविवार मी स्वतःलाच दोष देण्यात घालवला. चक्रीवरचा बाण कडेकडे हवा, तो उलटा असेल म्हणून सगळ्या काढल्या, परत घातल्या. मग जोर लावला, आणि एका चक्रीचं डोकंच झिजलं. बायको दारात येऊन "मिस्त्रींचा नंबर देऊ का?" म्हणून गेली. त्यानंतर तर हार मानणं शक्यच नव्हतं.

सोमवारी कस्टमर केअर. पहिला प्रश्न, "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" नाही बुवा. खोकं उघडताना माझे दोन्ही हात खोक्यातच होते. मग फोटो मागितले, ते पाठवले. दोन दिवसांनी फोन, पण माणूस नवा आणि प्रश्न तोच, व्हिडिओ आहे का. चौथ्या फोनला मी व्हिडिओ केला, त्यात चक्री फिरवून दाखवली. उत्तर आलं, "सर, चक्री तर फिरतेय, म्हणजे प्रॉब्लेम नाही ना?" शेवटी त्यांनी बोल्टचं नवं पाकीट पाठवलं. दुसऱ्या रविवारी ते लावलं. पुन्हा गरागरा.

तेव्हा कुठे मला टॉर्च सुचला, जो पहिल्या दिवशी सुचायला हवा होता. चक्री काढून, फळ्या जुळवून, भोकात उजेड टाकला. बोल्टचं डोकं भोकाच्या मधोमध दिसायला हवं. मला लाकडाचा भुस्सा दिसला. पट्टी लावून मोजलं तर कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत ३४ मिमी. बोल्ट मात्र फळीबाहेर २४ मिमीच येत होता. म्हणजे डोकं भोकापर्यंत पोचतच नव्हतं, कडेच्या बोगद्यात अडकून बसलं होतं. हे बोल्ट दोन्ही मापांत मिळतात. भोकं पाडली एका मापाची, पाकिटात भरले दुसऱ्याचे, आणि बदली म्हणूनही पुन्हा तेच. त्यांच्याकडे कुणी एकदाही पट्टी लावली नसावी.

बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानदाराने बोल्ट हातात घेतला, माझं माप ऐकलं आणि न बघता मागच्या डब्यातून ३४ चे सोळा काढून दिले. सगळं मिळून दोन मिनिटं. पंधरा दिवसांचा राग त्या दुकानाच्या पायरीवरच उतरला, आणि जरा शरमही वाटली.

पण खरं दुखणं तेवढ्यावर संपलं नाही. चार वेळा उचकटल्यामुळे बोल्टची दोन भोकं सैल झाली होती. पार्टिकल बोर्ड म्हणजे गोंदात दाबलेला चुरा, त्यात स्क्रूची वाट एकदाच पडते. भोकात फेविकॉल आणि आगपेटीच्या काड्या ठोकून रात्रभर ठेवलं, सकाळी बारीक ड्रिल मारून पुन्हा पिळलं. टिकलंय. बोल्ट हातानेच पिळा. ड्रिलने पिळलात तर भोक कधी सैल होतं कळतही नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: सगळ्या चक्र्या एकदम आवळू नका. अर्ध्या आवळून दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे भरले की मग शेवटचा पीळ द्या. मी आधी आवळलं आणि मग गुण्या लावला. मधला ड्रॉवर अजून घासतो तो त्यामुळेच.

वरच्या फळीला वाइस (काम करताना लाकूड पकडून ठेवणारा शिकंजा) लावायचा विचारही करू नका, चार दिवसांत उपटून येईल. मी वर १८ मिमी प्लायवूड टाकलं आणि वाइसचे बोल्ट दोन्ही फळ्यांतून आरपार घेतले.

आणि टेबल उलटं करून पायांच्या खालच्या कडा बघा. माझ्याकडे तिथे कड झाकणारी पट्टीच चिकटवलेली नव्हती, उघडा चुरा दिसत होता. बाल्कनीत पावसाचं पाणी येतं आणि हा बोर्ड पाणी प्यायला की फुगतो, परत बसत नाही. वॉर्निशचे दोन हात दिलेत, खाली रबराचे बूटही ठोकलेत. तिसरा हात जूनच्या आधी द्यायचाय.