भांगाचं पाणी आणि ३ इंची रबरी मासोळी

आज अष्टमी, म्हणजे भांगाचं पाणी, भरती-ओहोटीतला फरक कमी. पहाटेच गळ घेऊन मनोरीच्या खाडीवर जाऊन तिवरांच्या कडेला उभा राहिलो.

भांगाला ओढ कमी, गाळ कमी उठतो, पाणी त्यातल्या त्यात निवळ. अशा वेळी जिताड्याला (खाडीतला शिकारी मासा) मोठं, जड लूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, दाखवू नये, हे माझं ठाम मत. तरी सवयीने पहिला तासभर ५ इंचीच टाकलं. एक टोच नाही. मग वरून शेवाळी, खालून पांढरी ३ इंची रबरी मासोळी काढली आणि ३.५ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन जोडलेल्या हुकावर) ओवली. हूक अगदी मधोमध निघायला हवा. जरा वाकडा निघाला की मासोळी गरगर फिरते, लाइनला पीळ बसतो. दोनदा काढून पुन्हा ओवली.

मुळांजवळ टाकली. तळाला टेकली. दोन हलके झटके, मग नुसतं थांबलो. ती खाली बसत असतानाच बोटावरच्या लाइनला ‘टक्’ झालं! जिताडा दातांनी तोडत नाही, पाण्यासकट आत ओढून घेतो.

दीडेक किलोचा असेल. कल्ल्याच्या धारेने लीडर (लाइनच्या टोकाचा जाड दोरा) खरवडला होता, ४० पौंडी होता म्हणून टिकला.

सोडून दिला. शेजारी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे काका म्हणाले, “अरे, सोडलास कशाला?” म्हटलं, “काका, जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. याला वाढू दे, अंडी घालू दे.” ते काही बोलले नाहीत, पाग झटकून पुढे गेले.

ओहोटी लागेपर्यंत तीच मासोळी टाकत राहिलो.