पिसदुऱ्याच्या शेणातले गवत

डायनासोर म्हटले की बहुतेकांना सांगाडे आठवतात, आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्याला त्यांचीही वाण नाही. डोंगरगावच्या परिसरात १९८०च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडे मिळाली, आणि पुढे त्या संस्थेवरूनच त्याचे नाव ‘इसिसॉरस’ पडले. तरीही माझ्या मते या मुलखातला सर्वांत मोलाचा शोध हाडांचा नसून शेणाचा आहे, आणि तो पिसदुरा गावच्या शिवारातला आहे.

तेथे पावसाने माती धुपली की गोलसर-लांबट, काही एका टोकाला निमुळते असे तपकिरी दगड उघडे पडतात. ही साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची विष्ठा असून खनिजे मुरून ती दगड झाली आहे. अभ्यासकांना हे दगड इंग्रजांच्या काळापासून ठाऊक होते. त्यांच्या पोटात काय आहे, हे मात्र २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

धानाचे पाते हाताला कापते, ते त्यातील सिलिकामुळे. गवताच्या पेशींमध्ये साठणारे हे सूक्ष्म कण वनस्पती कुजून गेली तरी टिकतात आणि त्यांच्या आकारावरून कुळ ओळखता येते. पिसदुऱ्याच्या विष्ठेत असे कण सापडले आणि ते गवताच्या एकाच नव्हे, निदान पाच गटांचे होते. तोवर सर्वसाधारण समज असा होता की गवतांचा विस्तार डायनासोर नष्ट झाल्यानंतरचा. म्हणूनच जुन्या चित्रांतील डायनासोरांच्या पायांखाली नेचे दिसतात, गवत दिसत नाही. (त्या चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही, पुरावाच नव्हता.)

अर्थात हे प्राणी गायीगुरांसारखे गवतावरच जगत होते, असे समजू नये. त्याच विष्ठेत सूचिपर्णी वृक्षांचे आणि ताडवर्गीय झाडांचेही अवशेष आहेत. तोंडाला येईल ते खाण्याचा त्यांचा खाक्या असावा आणि त्यात गवताचा वाटा थोडाच असावा. विष्ठा नेमकी कोणाची, हेही जवळपास सापडलेल्या हाडांवरून बांधलेले अनुमान आहे.

मला अधिक नवल वाटते ते २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या संशोधनाचे. पिसदुऱ्याच्याच नमुन्यांतील काही कण भाताच्या कुळातील गवतांचे असल्याचे त्यात दाखवण्यात आले. म्हणजे आज मूल-नागभीडच्या बांध्यांत लावल्या जाणाऱ्या धानाचे दूरचे भाऊबंद डायनासोरांच्या काळातच या भूमीवर उगवत होते.