ओव्हनमधला दिवा

शिकागोत आल्यावर मी पहिली हार पत्करली ती इडलीच्या पिठापुढे. रात्रभर ठेवलं तरी ढिम्म. मग इथल्या मराठी बायका करतात तेच केलं. ओव्हन बंद, आतला दिवा तेवढा चालू आणि त्याच्या उबेला पातेलं. दारावर चिठ्ठी: ‘आत पीठ आहे. ओव्हन लावू नये.’ ही शक्कल फक्त आपल्या लोकांची, असं मी समजत होते. एकदा शेजारच्या आजींकडे वाटीभर साखर मागायला गेले, तर त्यांच्याही ओव्हनमध्ये दिवा! आत काचेची बरणी.

आजी पोलंडमधल्या, क्राकूफकडच्या. पोलिशमध्ये आजीला ‘बापचा’ म्हणतात. माझा मुलगा तशी हाक मारतो तेव्हा फोनवर माझी आई दर वेळी दचकते.

बरणीत राय नावाच्या धान्याचं पीठ, पाणी, ठेचलेला लसूण आणि तमालपत्र. चार-पाच दिवसांत ते आंबतं, त्याला झूर म्हणतात, आणि त्याचं झुरेक हे सूप होतं. वर उकडलेलं अंडं, सॉसेज. माझ्यासाठी सॉसेज वगळून. पहिला घोट घेतला आणि आंबील आठवली.

तसं शिकागोत पोलिश वस्ती जुनी आणि भलीमोठी. दुकानात सगळं मिळतं. पण बापचाचा विश्वास बरणीवर. अमेरिकन लोणच्याच्या काकडीचं नाव काढलं की त्या नाक मुरडतात. व्हिनेगरमध्ये बुडवलं की झालं लोणचं? काकडी मिठाच्या पाण्यात, लसूण आणि शेपूच्या तुऱ्यांबरोबर आपल्याआपण आंबायला हवी. हो, शेपू! लहानपणी ताटात दिसला की आम्ही भावंडं तोंडं वाकडी करायचो, तो शेपू ही मंडळी बटाट्यावर, सूपवर, काकडीवर कोथिंबिरीसारखा भुरभुरवतात. आईला सांगितलं, तर तिला फार समाधान वाटलं.

खरं अडतं ते प्येरोगीपाशी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश मोमोपाशी. ‘रुस्क्ये’ प्रकारच्या प्येरोगीत उकडलेला बटाटा, परतलेला कांदा आणि त्फारुक नावाचं कोरडं, आंबूस चीज घालतात. (‘रुस्क्ये’चा रशियाशी संबंध नाही. रुथेनिया हा जुना प्रदेश, त्यावरून ते नाव.) इथलं कॉटेज चीज पाणचट आणि रिकोटा गोडसर. म्हणून बापचा दूध आंबवतात, अगदी मंद आचेवर कोमट करतात आणि फडक्यात बांधून नळाला टांगतात. मी म्हटलं, आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का असाच टांगतात, फक्त दही तापवत नाहीत. त्यावर त्यांनी मला लगेच कामाला लावलं. गरम पाण्यात भिजवलेली मैद्याची कणीक लाटायची, पेल्याने गोल पाऱ्या कापायच्या, सारण भरून कडा बंद करायच्या. मी सवयीने करंजीची मुरड घातली. बापचाने ती उचलून उजेडात धरली, बराच वेळ न्याहाळली आणि कोण्या लांबच्या नातलगाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

मी कोल्हापूरची. 1943 ते 1948 या काळात आमच्याकडे वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. हे सांगितल्यावर बापचा जरा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, तिथे उन्हाळा किती कडक असतो? सांगितलं. त्या हिशोब करत म्हणाल्या, “मग झूर दोन दिवसांत तयार होत असेल.”

गेल्या महिन्यात त्या लेकीकडे गेल्या. जाताना बरणी माझ्या हवाली करून गेल्या. आपण विरजण मागायला वाटी घेऊन जातो, इथे विरजणच दारात आलं होतं. आता माझ्या ओव्हनमध्ये पातेल्याशेजारी ती बरणी आहे, आणि दारावरच्या माझ्या चिठ्ठीखाली पोलिशमध्ये लिहिलेली दुसरी चिठ्ठी. ती घरात कुणालाच वाचता येत नाही. शेवटी तीन उद्गारचिन्हं आहेत, त्यामुळे ओव्हनला कुणी हात लावत नाही.