तुम्ही कट का घेत नाही, हे विचारलंत म्हणून

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या डॉक्टरांची बैठक झाली. नंतर जेवताना एका तरुण डॉक्टरनं कटबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल हॉस्पिटलं-लॅब डॉक्टरला देतात त्या कमिशनबद्दल, पुन्हा तेच विचारलं. "मॅडम, तुम्ही कट का घेत नाही? खरं कारण सांगा." त्यातलं 'खरं' मला लागलं. घरी येताना वाटलं, त्याचं काही चुकलं नाही. मी आजवर सगळ्यांना "मनाला पटत नाही" एवढंच सांगून विषय मिटवत आले. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. हा प्रश्न मला हॉस्पिटलांच्या पीआरओंनी, म्हणजे जनसंपर्क अधिकाऱ्यांनी विचारलाय, दिरांनी विचारलाय, माझ्याच लॅबवाल्यानं विचारलाय. कुणाला वाटतं मी इतरांना चोर ठरवते, कुणाला वाटतं घरचं चांगलं असल्यामुळे मला परवडतं. तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत म्हणून एकदा पूर्ण सांगते.

मी कट घेत होते. दवाखाना टाकल्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं घेतला.

पहिलं पाकीट मी परत पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पाठवणाऱ्या कन्सल्टंटचा, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरचा, फोन आला, "मॅडम, आमचं काही चुकलं का?" आवाजात खरी काळजी होती. पाकीट नाकारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असा त्याचा अर्थ लागतो हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, एवढे पैसे पेशंटच्या बिलातून कमी करा. ते म्हणाले, "तसं कसं करता येईल? दर सगळ्यांना एकच आहेत. तुम्ही घेतले नाहीत तर ते आमच्याकडे राहतील, एवढंच." हा मुद्दा मला तेव्हा खोडता आला नाही. खरं सांगायचं तर खोडायचा फारसा प्रयत्नही मी केला नाही. दवाखान्याच्या जागेचा हप्ता होता, मुलगी लहान होती. पुढचं पाकीट ठेवून घेतलं.

त्या काळातली मी स्वतःशी जे बोलायचे ते अजून मला शब्दन् शब्द आठवतं. मी लिहिते त्या तपासण्या गरजेच्याच असतात. पाकीट नंतर येतं, निर्णय आधी झालेला असतो. मग निर्णयात त्याचा वाटा कसा असेल? माझा धाकटा भाऊ अर्थशास्त्र शिकवतो. त्याच्याशी वाद घालताना मी अ‍ॅडम स्मिथचा दाखला द्यायचे. खाटीक आणि पाववाला आपल्याला जेवायला देतात ते दयेपोटी नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी. आणि तरी सगळ्यांचं पोट भरतं, हे 1776 सालचं त्याचं म्हणणं. मग डॉक्टरनंच संत का व्हायचं? चांगलं काम केलं तर पेशंट येतील, वाईट केलं तर दुसरीकडे जातील. भाऊ एवढंच म्हणायचा, "ताई, पाव शिळा आहे हे मला खाल्ल्यावर कळतं. माझं ऑपरेशन लागत होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही." मी ऐकून सोडून द्यायचे.

आता तात्यांचं सांगते. त्यांचं खरं नाव, गाव सांगणार नाही.

2014 चा जानेवारी. तात्या छप्पन-सत्तावन्न वर्षांचे, तीन एकर ज्वारी-तुरीचे कोरडवाहू शेतकरी. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलगा त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला. मागून पुतण्यानं धरलेलं. छातीत दाब, घाम. मी ईसीजी काढला. बदल होते, पण ताबडतोब धावावं असा मोठा झटका दिसत नव्हता. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल दिली, जिभेखाली गोळी ठेवली. अर्ध्या तासात दुखणं बरंच कमी झालं. पुढे पाठवणं गरजेचं होतंच; त्या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

मुलानं विचारलं, "मॅडम, कुठं नेऊ?"

त्या प्रश्नाला मी किती वेळ घेतला असेल? दोन सेकंद. मी शहरातल्या एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तिथल्या पीआरओला स्वतः फोन लावला, गाडी बोलावली. पीआरओचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वरच्या चारपाचांत होता.

त्याच शहरात तेव्हा दुसरं एक हॉस्पिटल राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या यादीत होतं. योजना नोव्हेंबर 2013 पासून सगळ्या राज्यात लागू झाली होती. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, त्यात अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणंसुद्धा, पैसे न भरता. मला हे माहीत होतं. यादीचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. तात्या समोरच्या कॉटवर झोपले होते, कागद माझ्या कोपराखाली होता, आणि मी कार्ड कोणतं आहे हे विचारलं नाही.

का नाही विचारलं, याची उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत. योजना नवी होती. मंजुरीला वेळ लागतो असं ऐकलं होतं. रात्र होत होती. मी सांगितलं ते हॉस्पिटल चांगलं होतं, तिथला डॉक्टर हुशार होता. यातलं एकही खोटं नाही. पण तेव्हा मी यातलं काहीच तोलून पाहिलं नव्हतं. ही कारणं मी नंतर गोळा केली.

तात्यांना दोन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसले. बिल तीन लाख चाळीस हजार. दुभती म्हैस विकली, पतसंस्थेचं कर्ज काढलं, एक एकर गहाण टाकला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळलं ते पुढच्या दहा-बारा दिवसांत, दोन भेटींत.

पहिली भेट पीआरओची. मंगळवार होता, दुपारची ओपीडी संपत आलेली. त्यानं कॅलेंडर दिलं, पेन दिलं, पाकीट दिलं. पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं आडनाव आणि तारीख लिहिलेली होती, हिशेबासाठी. आत तीस हजार. मी ते खणात ठेवलं.

दुसरी भेट गुरुवारी, तात्यांची. पायरी हळूहळू चढत आले. हातात हुरड्याची पिशवी. "मॅडम, तुमच्यामुळं वाचलो," म्हणाले आणि वाकायला लागले. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. कागद बघायला मागितले. मुलानं प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. बिलं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, अँजिओग्राफीची सीडी, आणि त्यात केशरी रेशनकार्ड. मुलानं ते उचलून माझ्यापुढे धरलं. "वार्डात एकजण म्हणत होता याच्यावर काहीतरी मिळतं. काही उपयोग होतो का मॅडम याचा?"

मी म्हटलं, "आता नाही. आधी अर्ज करावा लागतो."

हे वाक्य खरं होतं. योजनेत भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मी ते अगदी शांतपणे, डॉक्टरच्या आवाजात बोलले. मुलानं मान हलवली आणि कार्ड पुन्हा पिशवीत घातलं. त्याला वाटलं, आपल्यालाच माहीत नव्हतं, चूक आपली. तेव्हाही मी गप्प राहिले. पाकीट माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होतं.

ते गेल्यावर मी सीडी माझ्या वर्गातल्या एका कार्डिऑलॉजिस्ट मित्राला पाठवली. त्यानं पाहून सांगितलं, "एक तर लागलाच असता. दुसऱ्याबद्दल मी कदाचित थांबलो असतो. पण टेबलावर मी नव्हतो." याहून जास्त कुणी सांगू शकत नाही, आणि मी त्या डॉक्टरवर कसलाही आरोप करत नाही. त्याच्या हॉस्पिटलनं कॅथलॅबसाठी, म्हणजे अँजिओप्लास्टी करायच्या यंत्रांच्या खोलीसाठी, केवढं कर्ज काढलं होतं हे मला माहीत आहे. यंत्राचा हप्ता पेशंट आले तरी असतो, नाही आले तरी असतो. शहरात नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला दर महिन्याच्या मीटिंगमध्ये विचारतात, ओपीडीतले किती जण अ‍ॅडमिट झाले. ती वाईट डॉक्टर नाही. तिनं घाबरून एखाद्याला एक रात्र जास्त ठेवलं तर तिला स्वतःलाही ते काळजीपोटीच ठेवलंय असं वाटतं.

मला एवढंच सांगायचंय. स्वार्थ माणसाला खोटं बोलायला लावतो असं आपण समजतो, म्हणून प्रत्येकजण म्हणतो, मी कुठं खोटं बोलतो? पण तो त्याआधीच काम करून गेलेला असतो. "कुठं नेऊ?" असं विचारल्यावर आधी कोणतं नाव तोंडात येतं, कोणता कागद डोळ्यांसमोर असून दिसत नाही, हे तो ठरवतो. पाकीट नंतर येतं हे माझं म्हणणं बरोबर होतं. पण आधीची शंभर पाकिटं तोवर येऊन गेलेली होती.

भावानं नंतर मला केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं समजावलं. 1963 मध्ये त्यानं मांडलं की आजारपणाचा बाजार इतर बाजारांसारखा चालूच शकत नाही, कारण विकत घेणाऱ्याला काय हवं हे विकणाराच ठरवतो. म्हणून समाज डॉक्टरकडून दुकानदारापेक्षा वेगळ्या वागणुकीची अपेक्षा धरतो. मला त्यात नवं काही वाटलं नाही. तात्यांच्या मुलाला ते एका वाक्यात माहीत होतं: "मॅडम सांगतील तिकडं." बाजारात गिऱ्हाईक दर विचारतं, चार दुकानं फिरतं. छातीत दुखणारा माणूस चार दुकानं फिरत नाही.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ झालेत.

"कमिशन घेऊ नये असा नियम 2002 पासून आहेच, मग तुम्ही वेगळं काय करता?" आहे. मेडिकल कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. 2017 मध्ये राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली होती, मसुदा झाला, कायदा झाला नाही. आपल्यापैकी किती जणांना त्याचं वाईट वाटलं?

"तुम्हीही फी घेता." घेते. माझं घर त्यावर चालतं, आणि पैसे मिळवण्यात मला काही गैर वाटत नाही. पण माझी फी पेशंट स्वतःच्या हातानं देतो, ती किती आणि कशाची हे त्याला माहीत असतं. नको वाटलं तर तो पुढच्या वेळी येत नाही. तात्यांना तीस हजारांचं माहीत नव्हतं.

"सरकारनं दर बांधले की धंदा बुडतो." फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली गेली. तात्यांच्या बिलात एका स्टेंटचे 1,15,000 लावले होते. स्टेंट बसायचे थांबले नाहीत, हॉस्पिटलंही बंद पडली नाहीत. मात्र हेही कबूल करते की बाकीचे दर वाढलेले मी माझ्या पेशंटांच्या बिलांत पाहिलेत. एका जागी बांध घातला की पाणी दुसरीकडून जातं.

"योजनेतल्या हॉस्पिटलांत काय सगळे साधू आहेत?" इथे मी अडते. प्रत्येक उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजवर पैसे मिळतात म्हटल्यावर तिथेही नको असलेला स्टेंट बसू शकतो, फक्त पैसे पेशंटऐवजी सरकारचे जातात. म्हैस वाचते, हे थोडं नाही. पण शरीर वाचतं का, मला सांगता येत नाही.

आणि तो तरुण डॉक्टर म्हणाला ते सगळ्यात अवघड: "मॅडम, माझ्या वडिलांनी शेत विकून मला खासगी कॉलेजात शिकवलंय. मी कुठून फेडू?" मी त्याला जेवताना काही बोलले नाही. त्याच्या वडिलांचं शेत आणि तात्यांचा एकर माझ्या डोळ्यांपुढे शेजारीशेजारी आले. एकाचं शेत सोडवायला दुसऱ्याचं गहाण पडतं. हे त्याला तिथे, ताटावर बसून, कसं सांगायचं?

कट सोडून काय झालं तेही सांगते. लॅबवाल्यानं वर्षभरानं ऐकलं; मी पाठवलेल्या पेशंटला आता तेवढी रक्कम बिलातून कमी होते. स्कॅन सेंटरनं ऐकलं नाही, तिथे माझ्या नावचा कट त्यांच्याकडेच राहतो. म्हणजे पहिल्या कन्सल्टंटचं म्हणणं तिथे अजून खरं आहे आणि माझ्या नकारानं त्या पेशंटचा एक रुपया वाचत नाही. दोन कन्सल्टंटांनी बोलणं कमी केलं. मिळकत घटली, किती ते मोजलं नाही, कारण मोजलं तर आधी किती घेतलं तेही मोजावं लागेल.

तात्यांचे तीस हजार मी परत केले नाहीत. त्या वेळी दोनदा पाकिटात घालून ठेवले होते. परत करायचे तर कशाचे म्हणून सांगायचं? त्याऐवजी मी त्यांच्याकडून फी घेणं बंद केलं, गोळ्याही बऱ्याचदा माझ्याकडच्या देते. त्याचा परिणाम असा झाला की ते गावभर सांगतात, मॅडम पैसे घेत नाहीत, देवमाणूस आहे. त्यांच्या वाडीवरून येणारा प्रत्येक नवा पेशंट माझ्याकडे तात्यांचं नाव घेऊन येतो. गहाण एकर सुटायला त्यांना सहा वर्षं लागली.

दिवाळीनंतर ते शेजारच्या एका माणसाला घेऊन आले. छातीत दुखत होतं. मी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, आणि त्या माणसाच्या बायकोनं विचारायच्या आधी विचारलं, "रेशनकार्ड कोणतं आहे?" ती गोंधळली. तात्या तिला म्हणाले, "अगं, मॅडम विचारतात ते सांग. त्या सांगतील तिकडंच जायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीतल्या हॉस्पिटलचं नाव चिठ्ठीवर लिहायला घेतलं.