आईची नवमी, वेरूळ आणि पाण्याखाली गेलेला पैठणचा घाट

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी शनिवारी आणि आईची अविधवा नवमी (नवरा हयात असताना गेलेल्या बाईची पितृपक्षातली तिथी) सोमवारी, असं जुळून आलं. म्हणून नवमी पैठणला करायची आणि मधल्या रविवारी वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन वेरूळ बघायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. पितृपक्षात कुणी फिरायला जातं का, असं नात्यातल्या काहींनी विचारलं. एरवी आम्ही वेगवेगळ्या गावांत विखुरलेले असतो. आईच्या तिथीसाठी एकत्र आलो, तिच्याबद्दल बोलत दोन दिवस काढले, तर त्यात पितरांचा कसला अवमान? तिथी हलत नाही, सहल हलवता येते. एवढं लक्षात ठेवून आखणी केली की झालं.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरात ठेवावा. वेरूळ शहरापासून तिसेक किलोमीटर, पैठण पन्नासेक, पण दोन्ही दिशा वेगळ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे आमच्यासाठी रविवार वेरूळचाच होता. सुट्टीची गर्दी टाळायची तर सकाळी लवकर पोहोचा आणि आधी 16 नंबरचं कैलास लेणं बघा. म्हाताऱ्या माणसांना कैलासचं अंगण आणि 10 नंबरचं विश्वकर्मा लेणं जमतं. 12 नंबरच्या तीन मजली ‘तीन ताल’ लेण्याचे जिने चढायला लावू नका. 30 ते 34 ही जैन लेणी लांब आहेत, तिकडे वाहनानेच जा. घृष्णेश्वर जवळच आहे. तिथे गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, तेव्हा अण्णांसाठी उपरणं जवळ असू द्या.

हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते पैठणच्या घाटावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पैठण गाव गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. नाथसागराला, म्हणजे याच धरणाला, 27 दरवाजे आहेत. ते उचलले की विसर्ग जसा वाढेल तशा घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. आपल्याकडे पाऊस आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पाऊस पडतो नाशिक-अहिल्यानगरकडे, तिथली धरणं सोडतात आणि ते पाणी नाथसागरात येतं. शिवाय कोणत्या तारखेला धरणात किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. त्यामुळे 1522 फुटांची पूर्ण पातळी गाठण्याआधीही पाणी सोडलं जातं. सप्टेंबरात, म्हणजे नेमकं पितृपक्षातच, ही शक्यता सर्वांत जास्त.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: सोमवारी घाटावर उतरता येईल का? एका कार्यालयातून विसर्गाचा आकडा मिळाला आणि घाटाचं आम्हाला विचारू नका, असं ऐकायला मिळालं. दुसऱ्याने बंदोबस्तवाल्यांकडे बोट दाखवलं. तिथे सांगितलं, वरून आदेश आला की कळेल. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या कागदापुरतं बरोबर असेलही. पण लांबून म्हातारा माणूस घेऊन येणाऱ्याने क्युसेकचा आकडा घेऊन करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, हे मला कळतं. त्यावरून कितवी पायरी बुडाली हे कळत नाही. पितृपक्षाचे पंधरा दिवस रोज सकाळी ‘अमुक घाट खुला, तमुक बंद’ एवढी एक ओळ फळ्यावर आणि मोबाईलवर टाकायला काय हरकत आहे?

तोवर उपाय एकच. गुरुजींना किंवा घाटावरच्या पूजासाहित्याच्या दुकानदाराला आदल्या संध्याकाळी फोन करा आणि निघताना पुन्हा करा, कारण विसर्ग रात्रीतूनही वाढवतात. भोंगा वाजला की वर या, एक तांब्या भरायलाही थांबू नका. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं, तेव्हा तर जास्तच जपा.

घाट बंद असला तरी विधी अडत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. नदीत उभं राहायलाच हवं असं नाही, गोदावरीचं तांब्याभर पाणी पुरतं. आमचं सगळं गुरुजींच्या ओसरीवर झालं. पिंड पुराच्या पाण्यात टाकायला जाऊ नका, गाईला घातले तरी चालतात. अडचण होते ती गर्दीची. घाटावरची सगळी माणसं ओसऱ्यांवर येतात आणि दुपारी बाराच्या आसपासचा कुतुप काळ, म्हणजे श्राद्धाची वेळ, सगळ्यांनाच हवा असतो. म्हणून गुरुजी ठरवतानाच विचारा: घाट बंद झाला तर कुठे बसवणार, एका वेळी किती घरं घेणार, म्हाताऱ्यांना खुर्ची मिळेल का, दक्षिणेत साहित्य धरलंय का. दर्भ, काळे तीळ, जव, मध, पत्रावळी बहुधा तेच आणतात. धोतर आपलं न्यावं.

आणखी एक आधीच विचारा. अविधवा नवमीला वडील हयात असतात. मग विधीला वडील बसणार की मुलगा, पिंडदान करायचं की नुसतं तर्पण आणि सवाष्णीचं जेवण, हे घराघरांत वेगळं असतं. आई, आजी, पणजी अशी नावं आणि गोत्र कागदावर लिहून न्या. ऐन वेळी पणजीचं नाव कुणालाच आठवत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात.

सवाष्णीची साडी घरूनच न्या. पैठणला पैठणी बघायचा मोह होतोच, पण पंधरवड्यात खरेदी नको म्हणणारं कुणीतरी सोबत असतंच. स्वयंपाक मात्र घरून नेऊ नका, उकाड्यात खीर नासते. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी असं पान गुरुजींच्या घरी सांगून ठेवता येतं. दोन पानं जास्तीची सांगा आणि बाहेर जो भुकेला भेटेल त्याला वाढा. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांच्या पंगतीला वाढणाऱ्या एकनाथांचंच हे गाव आहे. नाथांचं समाधी मंदिर नदीकाठीच आहे, दर्शन विधीनंतर निवांत घ्यावं.

एसटीने जाणार असाल तर आधार कार्ड विसरू नका. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 75 च्या वर मोफत, आणि बायकांना अर्धं.